जुना वाडा डिमेन्शियाला मानवेल का?

वाई, सातारा, नाशिक किंवा पुण्याच्या पेठांत एखादा वाडा रिकामा झाला की आधी बिल्डर येतो, मग हॉटेलवाला, मग मंगल कार्यालयवाला. अधूनमधून एखाद्या ट्रस्टच्या बैठकीत वेगळीच कल्पना निघते: इथे डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश) झालेल्या ज्येष्ठांसाठी निवासी केंद्र काढू. जुन्या माणसांना जुनं घर ओळखीचं वाटेल आणि वास्तूही वाचेल. ऐकायला झकास. गरजही खरी आहे. भारतात साठीच्या पुढच्या सुमारे ८८ लाख लोकांना डिमेन्शिया असावा, असा अंदाज २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीतून निघाला. म्हणजे दर शंभरांत सातांहून थोडे जास्त. त्यांतल्या बहुतेकांची काळजी घरीच घेतली जाते, आणि ती घेणारी सहसा सून, मुलगी किंवा बायको असते.

केंद्रं हवीत, याबद्दल वाद नाही. पण ती वाड्यात हवीत का? माझं मत आधीच सांगून टाकतो. इमारत किती जुनी आहे, याला मी फार किंमत देत नाही. तिची रचना उभ्या जागेवरून कळते का आणि तिच्यातल्या कोणत्या गोष्टींना आपल्याला हात लावता येणार नाही, एवढ्या दोन प्रश्नांवर माझी निवड ठरेल.

दिसलं तर सापडतं

अल्झायमर हा डिमेन्शियाचा सगळ्यांत जास्त आढळणारा प्रकार. त्यात मेंदूतल्या हिप्पोकॅम्पस आणि त्याच्या शेजारच्या भागाला लवकर इजा होते. नवी आठवण रुजवणं हे या भागाचं काम, आणि आपण कुठे आहोत याचा नकाशा डोक्यात धरणं हेही त्याचंच. (हा नकाशा मेंदूतल्या पेशी कशा सांभाळतात हे शोधणाऱ्या तिघांना २०१४ चं नोबेल मिळालं.) म्हणून काल दाखवलेली मोरी आजींना आज आठवत नाही, आणि आज पुन्हा दाखवली तरी उद्या आठवत नाही. नव्या जागेचा नकाशा डोक्यात तयारच होत नाही. ‘जिन्यापाशी उजवीकडे वळा, मग तिसरं दार’ ही सूचना पाळायला जे लागतं, नेमकं तेच गेलेलं असतं.

मग राहतं काय? हाताच्या सवयी बराच काळ राहतात: तांदूळ निवडणं, वाती वळणं, कडी काढणं, तोटी फिरवणं. तरुणपणच्या आठवणी राहतात. समोर जे दिसतं त्याच्याकडे चालत जाणंही पुष्कळ दिवस जमतं. पलंगावरून संडासाचं दार आणि आतलं कमोड दिसत असेल, तर माणूस आपणहून उठून जातो. तेच कोपऱ्याआड असेल तर कपडे ओले होतात आणि घरचे म्हणतात, आजार वाढला. कित्येकदा आजार होता तेवढाच असतो, संडास चुकीच्या जागी असतो.

या कसोटीला एकचौकी वाडा फार चांगला उतरतो. मधे चौक, भोवती ओसरी, ओसरीला लागून खोल्या. कुठल्याही खोलीच्या दारात उभं राहिलं की तुळशी वृंदावन दिसतं, समोरच्या बाजूला कोण बसलंय ते दिसतं, स्वयंपाकघरातून फोडणीचा वास येतो. जेवायची जागा शोधावी लागत नाही. सेविकेलाही सगळे नजरेच्या टप्प्यात राहतात आणि कुणाला पाळत ठेवल्यासारखं वाटत नाही. डिमेन्शियात अनेकांना सारखं चालावंसं वाटतं. पुढे बंद होणाऱ्या कॉरिडॉरमध्ये असा माणूस भिंतीशी जाऊन अडतो, बंद दाराची मूठ खडखडवतो, चिडतो. चारी बाजूंच्या ओसरीवर तो चालत राहिला तर फिरून आपल्याच खोलीपाशी येतो.

दोन किंवा तीन चौकांचा वाडा मिळाला म्हणून मात्र हरखून जाऊ नये. दुसरा चौक पहिल्यासारखाच दिसतो आणि माणूस कुठल्या चौकात आहे हे त्याला सांगता येत नाही. रहिवाशांसाठी एकच चौक आणि तोही तळमजल्यावरचा धरावा. माडी कार्यालयाला, कोठीला, फार तर सेवकांच्या खोल्यांना. वाड्याचे जिने बहुधा भिंतीच्या जाडीत लपलेले, अरुंद, काळोखे आणि शिडीसारखे उभे असतात. त्यांना खाली दार लावून कुलूप घालणं हाच त्यावरचा इलाज.

भव्य वास्तूचा मोह तर आणखी महागात पडतो. लंडनजवळच्या रिचमंड टेकडीवर ‘रॉयल स्टार अँड गार्टर होम’ ही इमारत पहिल्या महायुद्धात जायबंदी झालेल्या सैनिकांसाठी बांधली गेली. वास्तुविशारद एडविन कूपर. १९२४ मध्ये तिचं उद्घाटन झालं, खाली टेम्स नदीचं वळण दिसतं, आणि आज ती ब्रिटनच्या वारसा यादीत आहे. म्हणजे अपंगांच्या शुश्रूषेसाठीच बांधलेली इमारत. तरीही तिथल्या विश्वस्तांना शेवटी मान्य करावं लागलं की आजच्या शुश्रूषेला लागणारे बदल तिच्यात करणं सोपंही नाही आणि परवडणारंही नाही. २०१३ साली त्यांनी ती ५ कोटी पौंडांना विकली. बिल्डरने तिथे महागडे फ्लॅट काढले, आणि संस्था सर्बिटन इथल्या नव्या इमारतीत गेली. वास्तूवर प्रेम करणाऱ्यांना हे कडू लागेल, पण मला तो निर्णय शहाणपणाचा वाटतो. दर्शनी भाग वाचला, आणि माणसांना त्यांच्या सोयीचं घर मिळालं.

याच्या अगदी उलट टोकाला जपानमधलं फुकुओका. ‘ताकुरोशो योरिआई’ हे तिथलं केंद्र १९९१ साली एका देवळाच्या चहाच्या खोलीत सुरू झालं आणि पुढे एका जुन्या घरात गेलं. साधं राहतं घर, चार शेजारी, रोजचा स्वयंपाक. डिमेन्शियाच्या निवासी घरात एका गटात ५ ते ९ माणसंच ठेवायची, असा नियमच जपानने पुढे केला. आपल्या एका चौकाभोवती साधारण तेवढीच माणसं सुखाने मावतात.

दिंडी दरवाजा

संध्याकाळ झाली की अनेक रुग्ण अस्वस्थ होतात. ‘मला घरी जायचंय,’ म्हणतात. जे घर ते मागतात ते पुष्कळदा चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीचं असतं, त्यामुळे ‘हेच तर घर आहे’ हे उत्तर उपयोगी पडत नाही. अशा वेळी समोर भलंमोठं दार दिसलं की पाय तिकडेच वळतात. नव्या केंद्रांत बाहेरचं दार भिंतीच्या रंगात रंगवून टाकतात, म्हणजे ते उठून दिसत नाही. वाड्याचा नक्षीदार, खिळ्यांचा दरवाजा असा रंगवता येत नाही. वारसा समिती ते करू देणार नाही, आणि देऊही नये.

पण वाडा बांधणाऱ्यांनी, वेगळ्या कारणासाठी का होईना, याची सोय करून ठेवलेली असते. अनेक वाड्यांत दिंडीतून आत आलं की देवडी लागते आणि देवडीतून चौकात शिरताना एक वळण असतं, रस्त्यावरच्या माणसाची नजर थेट माजघरापर्यंत जाऊ नये म्हणून. हेच वळण उलट्या बाजूनेही काम करतं: चौकातून दरवाजा दिसत नाही. असा वाडा मिळाला तर दोन खोल्या कमी असल्या तरी चालतील. वळण नसेल तर चौक आणि देवडी यांच्यामध्ये सुटा उभा करता येणारा लाकडी जाळीचा आडोसा ठेवावा, भिंतीत खिळा न ठोकता. देवडीत पूर्वी पहारेकरी बसायचा. तिथे आता ओळखीचा, गप्पिष्ट माणूस बसवावा. ‘चला, जाऊ या, आधी चहा घेऊ’ असं म्हणणारा माणूस कुलपापेक्षा जास्त कामाचा.

एक दार बंद ठेवायचं तर दुसरं उघडं हवं. उंच भिंतीचं परसदार असेल तर ते दिवसभर उघडं ठेवावं. तिथे कढीपत्ता, गवती चहा, जास्वंद, कपडे वाळत घालायची दोरी असली की बाहेर पडण्याची ओढ तिथेच जिरते. मात्र परसातला आड किंवा विहीर आधी बंदिस्त करायला हवी. नुसती उघडी जाळी पुरत नाही, खालचा काळोख दिसला की काही जण घाबरतात तर काही वाकून बघतात. वरून न दिसेल असं, पुढेमागे काढता येईल असं लाकडी झाकण बरं.

पायरी आणि उजेड

वाड्याची सगळ्यांत मोठी अडचण जमिनीची पातळी. चौक खाली, ओसरी वर, सोपा (बैठकीची जागा) आणखी वर, माजघर त्याहून वेगळं, आणि प्रत्येक दाराला उंबरठा. उतार करू, असं सगळे म्हणतात. चाकाच्या खुर्चीसाठीच्या उताराचं मान्य प्रमाण आहे १ ला १२. ओसरी चौकापासून ४५ सेंटिमीटर उंच असेल तर उतार ५.४ मीटर लांब लागेल, म्हणजे जवळजवळ १८ फूट. कित्येक चौकांची अख्खी बाजूच तेवढी नसते. त्यामुळे वाडा बघायला जाताना टेप न्यावी आणि हा गुणाकार तिथेच करावा. चौकाची मूळ फरशी तशीच राखून वर वाळूच्या थरावर नवी फरशी सुकी बसवता येते, पण मग खांबांचे दगडी तळखडे अर्धे बुडतात आणि पावसाचं पाणी जायला वाट नीट राहील ना हे बघावं लागतं. बऱ्याचदा सोपा मार्ग असतो तो रोजचं सगळं आयुष्य ओसरीच्या पातळीवर आणण्याचा, आणि चौक बघायला, ऊन खायला, माणसाचा हात धरून उतरायला ठेवण्याचा.

उंबरठ्याबद्दल दोन मतं ऐकू येतात. वाड्यात वाढलेला माणूस उंबरठा दिसला की सवयीने पाय उचलतो, हे खरं आहे. पण आजार वाढल्यावर, विशेषतः पार्किन्सनसारखी लक्षणं असतील तर, पाय जमिनीवरून घासत चालतात आणि मग तोच उंबरठा खुब्याच्या हाडावर बेततो. दोन्ही बाजूंनी लाकडी पाचर लावून तो झाकावा, मूळ लाकूड न तासता. पाचरीचा रंग भोवतालच्या फरशीचाच ठेवावा. कारण डिमेन्शियात जमीन कुठे खोल आहे, याचा अंदाज चुकतो: गडद पट्टा म्हणजे खड्डा, चकाकणारी फरशी म्हणजे पाणी. नियम सोपा आहे. जिथे पाय उचलावा लागतो तिथे रंग ठळक बदलावा, जिथे लागत नाही तिथे अजिबात बदलू नये. आपल्याकडे बरोबर उलटं करतात. पायऱ्या एकाच दगडाच्या असतात आणि सपाट दारात काळी पट्टी घालतात.

हीच गोष्ट फुलापानांच्या सिमेंट टाइल्सची. मुंबईच्या जुन्या इमारतींत आणि गोव्यातल्या पोर्तुगीजकालीन घरांत त्या असतात, फोटोत सुरेख दिसतात. डिमेन्शियाचा माणूस त्यातलं फूल उचलायला वाकतो, किंवा काळा चौकोन ओलांडायला जाऊन तोल घालवतो. वारसा फरशी उखडायची नाही, पण चिकटवल्याशिवाय अंथरता येणारं एकरंगी, चकाकी नसलेलं आच्छादन घालता येतं. शहाबादी त्या मानाने गुणी. फक्त पावसाळ्यात चौकातल्या शहाबादीवर शेवाळ धरतं, ते दर आठवड्याला घासायला माणूस हवा. गोव्याच्या घरांचा बाल्कांव, म्हणजे दारापुढची बैठक, मात्र मला फार आवडतो. दोन्ही बाजूंना समोरासमोर बाकडी, समोर रस्ता, येणाराजाणारा हात करतो. बाहेरच्या जगाशी संबंध ठेवायला याहून चांगली जागा कुणी मुद्दाम आखूनही मिळणार नाही. फक्त तिथे पोचायच्या पायऱ्यांना दोन्हीकडे कठडा लावावा.

उजेडाचा हिशेब डोळ्यांच्या वयाप्रमाणे करावा लागतो. म्हातारपणी डोळ्याचं भिंग पिवळसर होतं, बाहुली लहान होते, आणि तरुण माणसाच्या दुप्पट-तिप्पट उजेड लागतो. वाड्यात दुपारी चौक लखलखतो आणि माजघरात अंधार असतो. तरुण डोळा ते काही क्षणांत जुळवून घेतो, म्हातारा डोळा घेत नाही. भिंतींना चुन्याची सफेदी, तुळयांच्या वरच्या अंगाला छताकडे उजेड फेकणारे दिवे, आणि ते दिवेलागणीच्या बरेच आधी लावणं, एवढ्याने पुष्कळ फरक पडतो. वायरिंग लाकडात खाच न पाडता वरून न्यावं. जुन्या पद्धतीची बटणं आणि फिरवायच्या पितळी तोट्या मिळाल्या तर काढू नयेत. हात पुढे केला की आपोआप पाणी येणारा नळ अनेकांना नळ वाटतच नाही.

पूर्वजांची तैलचित्रं संध्याकाळनंतर डोळे रोखून बघू लागतात. मोठे आरसे परका माणूस घरात आणतात. संस्थानी बंगल्यांत तर भिंतीवर वाघाचं मुंडकंही असतं. हे सगळं कार्यालयात हलवावं. आणि पांढऱ्याशुभ्र बाथरूममध्ये पांढरं कमोड बसवू नये, ते दिसत नाही. झाकण आणि सीट गडद रंगाची घ्यावी.

ओल, आग, कागद

प्रत्येक खोलीला बाथरूम हवं, हे काळजीच्या दृष्टीने बरोबर आणि मातीच्या भिंतीच्या दृष्टीने भयंकर. वाड्याच्या वरच्या भिंती विटा-मातीच्या, गिलावा चुन्याचा, खांब-तुळया लाकडाच्या. चुना श्वास घेतो, ओल बाहेर सोडतो. त्यावर सिमेंटचा गिलावा आणि टाइल्स चढवल्या की ओल आत कोंडते आणि आतलं लाकूड कुजतं, तेही कुणाला न दिसता. म्हणून ओली कामं मूळ भिंतींपासून सुटी करावीत: मागच्या बाजूला नवं पत्र्याचं किंवा कौलारू छप्पर काढून, खोल्यांच्या मागल्या दारांना जोडून, स्वतःच्या पायावर उभी असलेली संडास-बाथरूमं. उद्या ती पाडली तरी वाडा जसाच्या तसा राहील. संवर्धनाच्या क्षेत्रात १९७९ पासून मान्यता पावलेल्या बुर्रा सनदेचं सूत्रच असं आहे की लागेल तेवढं करा, पण जमेल तितकं कमी करा.

आगीबद्दल मात्र ‘जमेल तितकं कमी’ चालणार नाही. २००६ मध्ये जपानच्या ओमुरा शहरात डिमेन्शियाच्या एका लहान घराला रात्री आग लागून ७ रहिवासी दगावले. त्यानंतर तिथे अशा घरांतल्या स्प्रिंकलरचे नियम टप्प्याटप्प्याने कडक झाले. वाड्यात तर लाकडी तक्तपोशी आहे, आणि देवघरात समई आहे. समई बंद करा असं मी म्हणणार नाही, हातात काडेपेटी मिळणार नाही एवढं बघा. धूरसूचक, स्प्रिंकलरची उघडी पाइपलाइन आणि दोन स्वतंत्र वाटा यांवर तडजोड नको. पाइपलाइन तुळयांखाली दिसते आणि संवर्धनवाल्यांना खुपते. खुपू दे.

कागदपत्रांचा भाग थोडक्यात. मुंबईची पहिली वारसा नियमावली १९९५ ची. तिच्यात आणि इतर शहरांतही वास्तूंच्या तीन श्रेणी असतात. पहिल्या श्रेणीत डागडुजीपलीकडे जवळपास काही करू देत नाहीत, दुसरीत परवानगीने आतले बदल आणि नवा वापर शक्य असतो, तिसरीत बराच मोकळेपणा मिळतो. केंद्रासाठी पहिली श्रेणी विसरा. केंद्र-संरक्षित स्मारकापासून १०० मीटरच्या आत नवं बांधकाम करता येत नाही, म्हणजे तुमची मागची बाथरूमंही अडकली. काळजीच्या बाजूने शुश्रूषागृह नोंदणीचा १९४९ चा कायदा आणि मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ यांतलं काय लागू होतं ते वकिलाकडून आधीच लेखी घ्यावं. आणि या सगळ्याच्याही आधी प्रॉपर्टी कार्ड बघावं. त्यावर अकरा वारस आणि आत चार जुने भाडेकरू असतील, तर उतार आणि उजेड यांचा विचार तूर्त बाजूला ठेवावा.

ओळखीचं, पण कुणाला?

वाडा सगळ्यांना ओळखीचा आणि प्रेमाचा वाटतो, हे आपण गृहीत धरतो. गिरगावातल्या चाळीत जन्म घालवलेल्या माणसाला ओळखीची वाटेल ती लांब गॅलरी आणि शेजारच्याचा रेडिओ. ओसरीवर पुरुष बसत आणि बायका माजघरात, अशा घरात सोळाव्या वर्षी सून म्हणून आलेल्या बाईला माजघराचा अंधार बघून काय आठवेल? आणि ज्यांच्या आईवडिलांना दिंडीच्या आत येऊ दिलं जात नव्हतं, परसदारातूनच धान्य वाढलं जायचं, त्यांना या वास्तूची ओळख आहे, पण ती हवीशी नाही. जवळच्या आठवणी गेल्या की अशा लांबच्या आठवणी वर येतात. प्रवेशाच्या वेळी वजन-रक्तदाबाबरोबर हेही विचारावं: लहानपणीचं घर कसं होतं, आणि तिथे तुम्हाला कुठे बसायला आवडायचं.

याच कारणासाठी जुनी इस्पितळं, तुरुंग, मनोरुग्णालयांची आवारं मी टाळीन, दगडी बांधकाम कितीही देखणं असलं तरी. ‘ठाण्याला पाठवा’, ‘येरवड्याला भरती करा’ या थट्टेवर वाढलेली पिढी आता सत्तर-ऐंशीची आहे.

महाबळेश्वर, पाचगणी, माथेरानचे ब्रिटिशकालीन बंगलेही सुचवले जातात. लांबलचक व्हरांडे, थंड हवा. पण महाबळेश्वरला वर्षाला सरासरी पाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, म्हणजे बाग चार महिने कामाची नाही. माथेरानला मोटारींना बंदी आहे, त्यामुळे भेटीला येणाऱ्या म्हाताऱ्या बायकोला घोड्यावर नाहीतर ई-रिक्षात बसवावं लागेल. रात्रपाळीच्या सेविका कुठून येणार, हाही प्रश्न आहेच. त्यापेक्षा गावातला, बाजारपेठेजवळचा वाडा बरा, नातवंडं शाळेतून सुटल्यावर डोकावू शकतील असा. पुण्याच्या पेठेत घेणार असाल तर गणपतीच्या दहा दिवसांत रहिवाशांना कुठे हलवणार हे आधी ठरवा. ढोल-ताशाचा तो आवाज त्यांना सोसत नाही.

सौदा करण्याआधी वाडा एकदा आषाढात, दिवेलागणीला बघा. ओसरीवर, चाकाच्या खुर्चीच्या उंचीवर बसा आणि जागेवरून काय दिसतं, काय दिसत नाही याची यादी करा. कुठे पाणी ठिबकतंय, कुठली पायरी अंधारात बुडाली, संडास कुठून शोधावा लागतो, हे त्या एका तासात कळतं. मग एखाद्या रात्री स्वयंसेवकांना खोल्यांतून झोपवा, त्यांना म्हणावं आपणहून उठायचं नाही, आणि एकाच माणसाला घड्याळ लावून सगळ्यांना रस्त्यावर आणायला सांगा. अग्निशमन अधिकाऱ्याने दिलेल्या वेळेत त्याला जितक्यांना आणता आलं, तितकेच पलंग टाका.